पालथी वाटी

नातवंडं पावाला लालभडक जाम फासून खातात आणि मला विचारतात, "आज्जी, तुला का गं आवडत न्हाय?" मी म्हणते, दातात बी अडकतं. हे साफ खोटं आहे. अडकायला आता दात उरलेत कुठे! खरं म्हणजे त्या बाटलीचं झाकण उघडलं की वासासरशी मला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, राग येतो. अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली की आता तो राग काढायचा तरी कुणावर? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बोलू नये तर नये. लिहू नये असं मला कुणी सांगितलेलं नाही.

आमचा मळा हिंडलग्याच्या अलीकडे होता. तुरुंगाचे टोल घरात ऐकू यायचे आणि आई त्यावरच भाकरीचं पीठ भिजवायची. आजोबा कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या छावणीतल्या, एका बंगल्यात माळी होते. तिथला साहेब विलायतेला परत जाताना म्हणे रडला, आणि आजोबांच्या हातात त्यानं टोपलीभर रोपं दिली. ती इस्टाबरी. आमच्या घरात स्ट्रॉबेरी हा शब्द कुणाच्या तोंडात कधी बसलाच नाही. विहिरीच्या उताराला तिचे वाफे होते. फळ धरायला लागलं की खाली भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, पसरायचं, नाहीतर मातीला टेकून कुजतं. थंडीत पहाटे दव असतानाच खुडायचं, ऊन चढलं की बोटात दबतं. चांगली फळं अण्णा पळसाच्या पानात मांडून कॅम्पात न्यायचे. दबलेली, वाकडी, पाखरानं टोचलेली मागं राहायची, आणि त्यांचा जाम व्हायचा. आम्हा पोरांच्या वाट्याला यायचे ते फक्त देठ. "सायबाचं फळ हाय, खाल्लं तर पोट दुखतंय," असं आई सांगायची. चोरून खाल्लं तेव्हा काही दुखलं नाही.

आईनं त्या फळाला स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही. साहेबाच्या देशाचं, त्याला देवासमोर ठेवता येत नाही, मग आमच्या चुलीवर कशाला, असा तिचा हिशेब. म्हणून जामाची चूल परसात, गोठ्याला लागून एका छपरात होती. त्या छपरात आक्का असायची. माझी थोरली बहीण, नाव गौरा. लग्न झालं तेव्हा तिला सासर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत नवरा तापानं गेला आणि ती पांढऱ्या कपाळानं परत आली. तेव्हापासून सणाच्या दिवशी कुणी आलं की ती आपण होऊन परसात जायची. फळाला घरात जागा नव्हती आणि तिलाही नव्हती, म्हणून दोघं एका छपराखाली आली. हे त्यावेळी कुणाला वावगं वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं? मला उलट वाटायचं, आक्काची मजा आहे, तिला वेगळी चूल आहे.

जाम करायला तिला कॅम्पातल्या एका उंच मडमेनं शिकवलं. अण्णा एकदा तिला डोक्यावर भाजीची पाटी देऊन सोबत घेऊन गेलते, तेव्हा मडमेनं तिला मागच्या दारी उभं करून सगळं करून दाखवलं. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. आक्का नुसती बघत राहिली आणि घरी येऊन तिनं तसंच केलं. पण जाम धरेना. साखरेच्या पाण्यात लाल गोळे पोहायला लागले. मडम त्यात कसलीतरी हिरवी आंबट फळं टाकायची, ती आमच्याकडे नव्हती. मग आक्कानं आवळा टाकून पाहिला, चिंच टाकून पाहिली, कैरीचे ते दिवसच नव्हते. शेवटी तिनं विहिरीकडचे हिरवेगार कच्चे पेरू चिरले, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि ती पुरचुंडी फळांबरोबर उकळू दिली. जाम असा धरला की पळी उभी राहिली. ते पेरू काढून आणायचं काम माझं. नंतर पुरचुंडी सोडून त्या उकडलेल्या फोडींना आक्का मीठ-तिखट लावून द्यायची आणि मी त्या मटकावून टाकायची. आईला वाटायचं पोरीला पेरवाचं वेड आहे. असं ते गुपित रोज माझ्या पोटात जात होतं.

अण्णांना गुपिताचं काही पडलेलं नव्हतं. जाम धरतो एवढ्यावर ते खूश. कॅम्पातल्या बंगल्यांत भाजी देणारे छप्पन्न होते, पण असा जाम देणारे अण्णा एकटेच. जामामुळे मागच्या दारानं आत शिरायला मिळायचं, बटलर रामराम घालायचे. अण्णांनी त्याचा एक खेळच केला होता. वाटीत जाम घ्यायचा, समोरच्याच्या नाकाजवळ न्यायचा आणि वाटी फट्दिशी पालथी करायची. "बघा, पडतोय का!" जाम पडायचा नाही. समोरचा तोंडात बोट घालायचा. मग अण्णा म्हणायचे, "माझ्या लेकीचा हातगुण हाय ह्यो." कुणाच्या हळदीला जिच्या हाताचा स्पर्श चालत नव्हता, तिच्या हाताला हातगुण! साहेबाच्या पोटात जायचं असलं की विटाळ नाही, अपशकुन नाही, काही नाही.

एक संक्रांत मला नीट आठवते. बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, ओटीवर बांगड्यांचा नुसता किणकिणाट चाललेला. मी आक्काला तिळगूळ द्यायला परसात गेले आणि माझ्यामागून गावची पाटलीण डोकावली. आक्का फळांचे देठ काढत बसली होती, दोन्ही तळवे मनगटापर्यंत लाल. पाटलिणीनं "अगं बया!" म्हणून पदर तोंडाला लावला. आई धावत आली आणि दबक्या आवाजात आक्कावर खेकसली, "हात धू की गं, आवदसे. सवाष्णी आल्यात." आक्का म्हणाली, "कुकू न्हवं आई ते. सायबाचं फळ हाय." आणि तिनं देठ काढायचं काही थांबवलं नाही. लोक म्हणायचे गौरा गरीब आहे. गरीब कसली! तिच्या अंगात अण्णांपेक्षा जास्त हट्ट होता, फक्त तिला तो दाखवायला जागा मिळत नव्हती.

उचगावचा मारुती आमच्याकडे इस्टाबरीची रोपं मागायला आला तो असाच एका थंडीत. त्याची बायको बाळंतपणात गेलती, मूलही राहिलं नव्हतं. रंगानं काळा, बोलायला कमी, खडेबाजारात भाजी घेऊन जाताना वाटेत आमच्या मळ्यावर थांबायचा. अण्णा घरात नव्हते म्हणून आईनं त्याला परसात पाठवलं. चुलीवर जाम रटरटत होता. तो छपराबाहेर उभा राहिला, एकदा नाक वर केलं आणि म्हणाला, "ह्यात पेरू हाय व्हय गं?" आक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ती हसली. सासरहून आल्यापासून मी तिला हसताना बघितलंच नव्हतं. तिचा एक दात जरा पुढं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "कुणाला सांगू नगासा." तो म्हणाला, "मी कुणाला सांगतोय." बस्स, एवढंच. पुढं तो पाचसात वेळा आला असेल. रोपं जगली म्हणून सांगायला, रोपं मेली म्हणून सांगायला. आक्का त्याला उकडलेल्या पेरवाच्या फोडी द्यायची आणि माझ्या वाटणीत घट व्हायची, म्हणून मला तो माणूस मुळीच आवडत नसे.

आमच्या भावकीत विधवा बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायची चाल होती. गाजावाजा नाही, वाजंत्री नाही, चार माणसांत उरकायचं, पण लावायचे. मारुतीनं निरोप धाडला तेव्हा आई मनातून हरखली. चुलीपुढं बसून तिनं दोनदा डोळे पुसले, तो धूर नव्हता. अण्णा म्हणाले, "दादाचं काम हुदे, मग बघू." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कॅम्पातल्या एका साहेबाच्या कचेरीत त्याला चिकटवायचं घाटत होतं आणि त्या साहेबाच्या घरी दर आठवड्याला आमची जामाची बरणी जात होती. आक्का त्या दिवसांत तीन माणसांचं काम करायची. पहाटे खुडायची, दिवसभर ढवळायची, उकळत्या जामाचे थेंब उडून तिच्या हातावर फोड आलते, त्यावर खोबरेल लावून परत पळी धरायची. तिला वाटत होतं दादाचं काम झालं की आपलं होणार. दादाचं काम झालं. शिपायाचा पट्टा कमरेला बांधून तो घरी आला तेव्हा आक्कानं परसातूनच त्याची दृष्ट काढली.

मग उचगावची माणसं आली. मारुतीचा चुलता आणि आणखी दोघं. ओटीवर घोंगडं अंथरलं, आईनं गरम चपात्या केल्या आणि अण्णांनी स्वतः परसात जाऊन जामाची वाटी आणली. मी दाराआड, आक्का माझ्यामागं. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. अण्णांनी पाहुण्यांपुढं वाटी पालथी केली. "बघा, पडतोय का!" पाहुणे हसले, चपातीला लावून खाल्लं, म्हातारा म्हणाला, "झ्याक. आता आमच्या घरात खाऊ ह्यो." अण्णांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "ते काय जमायचं न्हाय पाव्हणं. आमच्यात पाट लावत न्हाईत."

म्हातारा चपाती चावायचा थांबला. "लावत न्हाईत? अरं, तुझ्या चुलतभणीच्या पाटाला मी सोता हुतो की. तू पाणी वाढत हुतास."

"त्या वक्ताची गोष्ट येगळी. आता पोरगा सरकारी कचेरीत हाय. चार लोकांत उठबस हाय आमची."

"असं व्हय." म्हातारा उठला, त्यानं पटका सारखा केला. "दुभती गाय दावणीची सोडवत न्हाय, असं सरळ सांग की रं. उगं घराण्याचं नाव कशाला मधी घालतोस?" आणि हात न धुताच ती माणसं उठून गेली. आमच्याकडं पाहुणा हात न धुता गेला म्हणजे शिव्या दिल्यापेक्षा वाईट. दादा ओटीवरच होता. त्यानं पट्ट्याचं बक्कल नीट केलं. आईनं उरलेल्या चपात्या फडक्यात गुंडाळल्या. मी मागं वळून बघितलं तर आक्का नव्हती. परसात जाऊन ती कढई घासत होती. घासून घासून तिनं कल्हई काढली, आतलं तांबडं तांबं दिसायला लागलं.

पुढच्या खेपेला जाम धरला नाही. अण्णांनी वाटी पालथी केली आणि तो सगळा धोतरावर आला. मला हसू आलं ते मी परकराच्या ओच्यात कोंबलं. आक्का म्हणाली, "कसं झालं कुणाला ठावं. पाक फुटला वाटतं." परत केला, परत पाणी. अण्णा साखरेवर घसरले, मग कल्हईवाल्यावर, मग लाकडं ओली म्हणून माझ्यावर. शेवटी आईनं निदान केलं, उचगावच्या म्हाताऱ्याची नजर लागली. मग काय विचारता! एक दिवस सांजच्याला आमच्या घरात कढईची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, खकाणा उठला, सगळे खोकत बाहेर पळाले. दादा पट्ट्यासकट खोकत होता. आक्का एकटी आत बसून राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडावर काही नव्हतं. ज्या बाईच्या नशिबाकडं कुणी वळून पाहिलं नाही, तिच्या कढईची घरानं दृष्ट काढली. मला अजून वाटतं, त्या चुलीत मिरच्यांऐवजी मीच आमच्या घराण्याला टाकायला पाहिजे होतं.

मला सगळं ठाऊक होतं. पेरू आणायला तिनं मला सांगणंच बंद केलं होतं. पण जीभ उचलली नाही, आणि त्याचं मला आजही भूषण आहे. मग अण्णांची नजर माझ्यावर गेली. "शेवंते, तू तिच्या मांडीला मांडी लावून बसायचीस. तू घाल बघू हात." मी तेरा-चौदा वर्षांची, कुणी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून जीव टाकणारं वय. मला एका दिवसात जाम धरवून दाखवता आला असता. अण्णांनी माझी वाटी घेऊन कॅम्पभर मिरवलं असतं. मी चुलीपुढं बसले तेव्हा आक्का शेजारी येऊन बसली, लाकूड आत सारलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेवू, जमू देऊ नगंस. जमलं की तुला बी ठेवून घेतील." बस्स. विहिरीकडं पेरू वाकून आले होते, मी तिकडं गेले नाही. माझा जाम आक्काच्या जामापेक्षा पातळ झाला. अण्णा म्हणाले, "हिच्या बी हाताला गुण न्हाय. देऊन टाका कुठंतरी."

आणि दिलं. निपाणीकडं, तंबाखूवाल्याच्या घरात. हळद लागताना आक्का परसात होती, अक्षता पडताना परसात होती. गाडीत बसताना मी हंबरडा फोडला आणि सगळ्यांना वाटलं नवरी रडते आहे. सासरी जिकडं तिकडं तंबाखूची भुकटी, भाकरीत तंबाखू, पदरात तंबाखू, शिंका देऊन देऊन जीव जायचा. पण ते माझं घर होतं. एका बिघडलेल्या जामाच्या जिवावर मला ते मिळालं. आक्काला काहीच मिळालं नाही. मारुतीनं वर्षभर वाट बघितली आणि दुसरी केली. केली ते बरोबरच केलं त्यानं. कॅम्पातल्या बंगल्यांची मागची दारं अण्णांना बंद झाली, तरी ते दर थंडीला आक्काला जाम करायला लावायचे आणि ती दर थंडीला न चुकता पाणी करून द्यायची.

पहिल्या खेपेला मी सातव्या महिन्यात माहेरी आले ते माघाचे दिवस होते. आईनं हौसेनं डोहाळजेवण मांडलं. बायका ओटीवर गोळा झाल्या, आक्का अर्थातच परसात. तिनं आदल्या दिवशी मला विचारलं होतं, "काय खाऊ वाटतंय गं?" मी म्हटलं, "धरलेला जाम." तिनं विहिरीकडं बघितलं. पोटुशीची वासना मारायची नसते, एवढं आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया गाण्यात रंगल्यावर मी हिरवा शालू सावरत परसात गेले. छोट्या पातेल्यात जाम होता. बाजूला फडकं सोडून पेरवाच्या फोडी मीठ-तिखट लावून ठेवलेल्या. मी आधी फोडी खाल्ल्या. मग जामाची वाटी चाटूनपुसून संपवली, तिनं दुसरी भरली. माझ्या तोंडाकडं बघत ती तशीच हसली, पुढं आलेला दात दाखवून.

तेवढ्यात अण्णा आले. "पानं वाढल्यात, पोरीला लावून द्या—" असं म्हणत छपराशी पोचले आणि थबकले. त्यांची नजर वाटीवर. आक्का उठली. तिनं माझ्या हातातली भरलेली वाटी घेतली, अण्णांच्या नाकासमोर नेली आणि फट्दिशी पालथी केली.

"बघा अण्णा, पडतोय का."

पडला नाही. ओटीवर बायका माझं नाव घेऊन गात होत्या. अण्णा त्या पालथ्या वाटीकडं बघत राहिले.

"म्हंजे तुला येतंय," ते म्हणाले.

"येतंय की. कुठं गेलंय? करत न्हाय."

त्या क्षणी माणूस काहीही बोलू शकला असता. पोरी, चुकलं माझं, असं म्हणाला असता. तिच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी मी समजले असते. अण्णांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारलं, "ह्यात काय घालतीस?"

आक्कानं वाटी सरळ केली, माझ्या हातात परत दिली आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"उचगावला जाऊन इचारा," ती म्हणाली. "तेला ठावं हाय."

उचगाव काही लांब नव्हतं. सकाळी निघालेला माणूस न्याहारीला तिथं पोचतो. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, पाय शेवटपर्यंत धड होते. ते गेले नाहीत.